सूत्रधाराच्या हातातला फासा

बोरी अरबच्या आमच्या शाळेत पावसाळ्यात शनिवारच्या शेवटच्या तासाला आम्ही एक खेळ खेळतो. त्यात पट नसतो, सोंगट्या नसतात, आणि कोणी जिंकत किंवा हरतही नाही. चार-पाच मुले एका गोष्टीतली माणसे होतात. कोणी गाडीवान होतो, कोणी हकीम, कोणी डाकवाला. एकजण गोष्ट पुढे नेतो. त्याला आम्ही सूत्रधार म्हणतो. "रात्र झाली आहे. दारव्ह्याहून औषध घेऊन गावी पोहोचायचे आहे. नदीला पूर आला आहे. आता काय कराल?" असे सूत्रधार विचारतो, आणि जो तो आपल्या पात्राच्या वतीने उत्तर देतो.

अशा खेळाचे नियम १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने छापले. त्यांच्या खेळात वीस बाजूंचासुद्धा फासा असतो. आमच्याजवळ लुडोच्या डब्यातला एकच साधा फासा होता. त्यावर आमचे काम भागले.

उर्दूत ज्याला तुम्ही पाँसा म्हणता, तो मराठीत फासा. अनेक असले तर फासे. 'फास' हा शब्द मात्र वेगळा. तो गळ्याला बसतो! फासा टाकल्यावर जो आकडा वर येतो त्याला 'दान' म्हणतात. या दानाचा खैरातीशी संबंध नाही. 'काय दान पडले?' म्हणजे कोणता आकडा आला, एवढाच त्याचा अर्थ.

फासा फार जुना आहे. सिंधू संस्कृतीतल्या मोहेंजोदडो शहराच्या उत्खननात फासे सापडले. आजच्या फाशाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंची बेरीज नेहमी ७ येते. तुमच्या घरी लुडो असेल तर पाहून घ्या. तिथल्या अनेक फाशांवर मात्र १ च्या समोर २, ३ च्या समोर ४ आणि ५ च्या समोर ६ असे ठिपके आहेत. अकबर बादशहाच्या दरबारात चौपड खेळत. अबुल फजल यांनी 'आईन-ए-अकबरी'त त्या खेळाचे वर्णन केले आहे. त्यात तीन लांबट फासे असत आणि त्यांच्या चार लांब बाजूंवर १, २, ५ आणि ६ असे ठिपके असत. म्हणजे त्या फाशावर ३ किंवा ४ कधी पडणारच नाही. म्हणून आपल्या हातातला फासा काय देऊ शकतो, हे सूत्रधाराने आधी पाहावे.

आता फासा केव्हा टाकावा? नवा सूत्रधार हरघडी फासा टाकतो. पात्राने दार उघडले, टाक फासा. म्हातारीला वाट विचारली, टाक फासा. हे चुकीचे आहे. उघडे दार उघडणारच, आणि आपल्या गावातली कोणतीही म्हातारी वाट सांगणारच. वर चार प्रश्नही विचारील! जिथे काम होईल किंवा न होईल अशी दोन्ही शक्यता आहे, आणि दोन्हींमुळे गोष्टीत काही फरक पडतो, तिथेच फासा टाकावा. वाईट दान पडले म्हणून गोष्ट थांबूही नये. कुलूप उघडले नाही, तर आतला कुत्रा जागा होऊ द्या.

आणि दान टाकण्यापूर्वी त्याचा अर्थ सर्वांसमोर सांगायचा. हा नियम मला ठाऊक होता. तरी माझ्या हातून चूक झाली, ती सांगतो.

त्या दिवशी सूत्रधार मी होतो. गाडीवान झालेला मुलगा वर्गात सहसा बोलत नसे. त्या दिवशी तो प्रथमच उभा राहून मराठीत म्हणाला, "सर, मी बैलगाडी पाण्यात घालतो." मी सांगितले, "४, ५ किंवा ६ पडले तर गाडी पार. २ किंवा ३ पडले तर पार, पण औषध भिजेल. १ पडला तर गाडी कलंडेल." मग मी वहीच्या आड फासा टाकला. १ पडला. मुलाचा चेहरा पाहून माझे मन द्रवले. मी म्हणालो, "४!"

पहिल्या बाकावरच्या मुलीने फासा पाहिला होता. ती काही बोलली नाही. पण थोड्या वेळाने डाकवाल्याला २ पडले, तेव्हा तो सरळ म्हणाला, "सर, माझेही ४ करा." वर्ग हसला. माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्यानंतर कितीही चांगले दान पडले तरी कोणाला आनंद होईना. खरेच पडले की सरांनी दिले, हे कळणार कसे?

शेवटी तो गाडीवानच उठला. "सर, माझा १ होता ना? मग गाडी कलंडू द्या." आम्ही गोष्ट मागे नेली. गाडी कलंडली. त्याने थोडा विचार केला, बैलाचा कासरा सोडला, औषधाची पिशवी आपल्या डोक्याला फडक्याने बांधली आणि बैलाचे शेपूट धरून तो नदी पार झाला. माझ्या ४ मध्ये यातले काहीच नव्हते.

पुढच्या आठवड्यात एका मुलाचे आजोबा शाळेत आले. "मास्तरसाहेब, वर्गात पाँसा कशाला?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "बाबा, पैसा लावत नाही." ते म्हणाले, "ते मला ठाऊक आहे. तरी आम्ही घरात फासा ठेवत नाही." पैसा लावून खेळणे म्हणजे जुगार. तो आपल्या दीनमध्ये हराम आहे, आणि महाराष्ट्रातला जुगाराविरुद्धचा कायदाही १८८७ सालचा आहे. पण पैज नसली तरी फासा नकोच, असे मानणारे बुजुर्ग पुष्कळ आहेत. त्यांच्याशी वाद घालावा असे मला वाटले नाही. आम्हाला फासा हवा होता असे नाही. आधी कोणालाच माहीत नसलेला आकडा हवा होता. तो कागदाच्या चिठ्ठीतूनही मिळतो.

सारख्या आकाराच्या सहा चिठ्ठ्या करा. १ ते ६ आकडे लिहा, सारख्याच घड्या घाला आणि रिकाम्या डब्यात टाका. काढलेली चिठ्ठी वाचून लगेच परत टाकायची आणि डबा हलवायचा. हे विसरू नका. १ ची चिठ्ठी बाहेरच राहिली तर डब्यात १ उरणारच नाही, आणि हुशार मुले अवघड काम तेव्हाच करायला काढतील! चिठ्ठी परत टाकली तर डब्याला मागचे काही आठवत नाही. सलग तीनदा १ निघाला तरी चौथ्यांदा १ निघण्याची शक्यता सहात एक एवढीच असते. 'आता ६ येणारच' म्हणणारा फसतो.

दोन डबे घेऊन बेरीज केली तर चित्र बदलते. एकूण ३६ प्रकारे चिठ्ठ्या निघू शकतात. त्यांपैकी ७ ही बेरीज ६ प्रकारे येते, पण २ किंवा १२ फक्त एकाच प्रकारे. सराईत नावाडी बहुधा मधलेच दान घेईल, म्हणून त्याच्यासाठी दोन डबे बरे. अनोळखी घोड्यावर बसणाऱ्याला एकच डबा द्यावा. तिथे काहीही होऊ शकते. कोणाला किती डबे द्यायचे, हे सूत्रधाराने ठरवावे. निघालेला आकडा मात्र त्याच्या हातात नाही.

आता आमचे डबे टेबलावर मधोमध असतात. माझी वही दूर खिडकीत असते. ज्याचे पात्र, चिठ्ठी त्यानेच काढायची आणि मोठ्याने मराठीत वाचायची. गेल्या शनिवारी हकीम झालेल्या मुलीने चिठ्ठी उघडली आणि कोणी विचारण्याआधीच म्हणाली, "एक!"