न झालेल्या अपघातांचे मानकरी

रोजच्या गाडीने कचेरी गाठणाऱ्या माणसाला सिग्नलची आठवण होते ती गाडी खोळंबल्यावर. हिरवा दिवा मागे पडतो तेव्हा त्याची दखल कोणी घेत नाही, आणि तो दिवा खोटे बोलणार नाही याची तजवीज करणारा अभियंता तर कोणाच्या गावीही नसतो. काहीही न घडणे हेच त्याचे यश. अशा माणसाचा गौरव करावा तरी कशाच्या आधारावर?

ब्रिटनमध्ये १९१२ साली स्थापन झालेल्या रेल्वे सिग्नल अभियंत्यांच्या संस्थेने याचे एक उत्तर दिले आहे. थॉरोगुड या माजी अध्यक्षांच्या देणगीतून ती तरुण अभियंत्याला पदक व शिष्यवृत्ती देते. संस्थेच्या परीक्षेतील प्रावीण्य पाहून हा मान दिला जातो. सेवाज्येष्ठतेची वाट पाहावी लागत नाही. या क्षेत्राचा इतिहासही तरुणांच्या बाजूचा आहे. रुळांतूनच मंद विद्युत्‌प्रवाह खेळवून गाडीचे अस्तित्व ओळखणारे ट्रॅक सर्किट विल्यम रॉबिन्सन या अमेरिकनाने १८७२ साली सिद्ध केले, तेव्हा त्याने नुकतीच तिशी ओलांडली होती. गाडीची चाके व आस दोन्ही रूळ जोडतात, प्रवाह रिलेपर्यंत पोहोचत नाही आणि सिग्नल लाल होतो. रूळ तुटला, तार निखळली वा बॅटरी संपली, तरीही तो लालच होतो. बिघाड झालाच तर गाडी थांबावी, हे तत्त्व त्या साध्या योजनेत होते.

परंतु तत्त्व कितीही निर्दोष असले तरी तारा जोडतो तो माणूसच. १२ डिसेंबर १९८८ रोजी लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनजवळ ३५ जण प्राणास मुकले. नव्या जोडणीच्या वेळी एक जुनी तार कापून बांधून न ठेवता तशीच सोडली गेली होती. ती पूर्वीच्या जागी टेकली आणि पुढे गाडी उभी असताना सिग्नल लाल झाला नाही. काम करणाऱ्या तंत्रज्ञाला मागील तेरा आठवड्यांत एकच सुटी मिळाली होती, हे चौकशीत उघड झाले. दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे तारा मोजून पाहिल्या असत्या, तर चूक तेथेच सापडली असती.

आपल्याकडे २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार स्थानकात २९० हून अधिक माणसे दगावली. सिग्नल मुख्य मार्गाचा मिळाला, सांधा मात्र बाजूच्या मार्गाकडे वळलेला होता. फाटकाच्या कामासाठी सर्किटमध्ये केलेल्या फेरफारांतील चुका रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत पुढे आल्या. त्याहून मनाला लागणारी नोंद निराळीच आहे. याच खडगपूर विभागात १६ मे २०२२ रोजी चुकीच्या जोडणीमुळे तसाच प्रकार घडला होता. त्याच वेळी उपाय झाले असते तर पुढचा अनर्थ टळता, असे आयुक्तांनी म्हटले आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेलेल्या पहिल्या गाडीच्या स्मरणार्थ रेल्वे दरवर्षी सप्ताह साजरा करते व कर्तबगार कर्मचाऱ्यांना पुरस्कार देते. रुळाचा तडा पाहून गाडी थांबवणाऱ्या कामगाराचा सत्कार होतो, आणि तो योग्यच आहे. तेथे तडाही दिसतो व थांबलेली गाडीही. पण नकाशा आणि प्रत्यक्ष जोडणी जुळत नाही म्हणून स्वाक्षरी नाकारणाऱ्या तरुण अभियंत्याचे काय? त्याच्या वाट्याला बहुधा येतो तो वरिष्ठांचा दूरध्वनी : गाड्या खोळंबल्या आहेत, मार्ग केव्हा देता? त्याची हुशारी त्या दिवसाच्या हिशेबात विलंब म्हणूनच मांडली जाते.

यासाठी मोठ्या समारंभाची गरज नाही. सिग्नल अभियंते घडविणारी संस्था सिकंदराबादला १९५७ पासून आहे. तेथे वा विभागीय पातळीवर तरुणांच्या कामाची पारख करताना किती कामे वेळेत उरकली, याबरोबरच चाचणीत किती चुका पकडल्या आणि किती नकाशे दुरुस्तीसाठी परत पाठविले, याचीही नोंद गुणवत्ता म्हणून व्हावी. पदक मिळो न मिळो, स्वाक्षरी नाकारल्याबद्दल त्याच्या गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा पडणार नाही, एवढे तरी आधी ठरावे.