दुखतो जबडा, तेल कानात

बारामती-इंदापूर पट्ट्यात गाळप सुरू झालं की उसाचं कांडं दाढेनं सोलून खाणं आलंच. दुसऱ्या दिवशी कानाशी ठणका लागतो, आणि घरात लसणाचं तेल कोमट होतं. कान बिचारा निर्दोष असतो. कानाच्या अगदी पुढे दोन्ही बाजूंना बोटं ठेवून तोंड हळू उघडा: हाडाचा गोलसर शेंडा आधी जागीच फिरतो, मग पुढे सरकतो. हा जबड्याचा सांधा. दुखणं बहुतेक वेळा इथलं किंवा चावण्याच्या स्नायूंचं असतं.

‘कट्कन आवाज येतो, म्हणजे सांधा झिजला.’ तसं नाही. सांध्यातली चकती जरा पुढे सरकलेली असली, तर तोंड उघडताना ती जागेवर येते आणि आवाज होतो. दुखत नसेल, तोंड नीट उघडत असेल, तर उपचार लागत नाही.

‘दात नीट जुळत नाहीत म्हणून जबडा दुखतो.’ या समजाला 1934 साली अमेरिकेतल्या कॉस्टेन नावाच्या कान-नाक-घसा तज्ज्ञानं बळ दिलं. पुढच्या संशोधनात तो टिकला नाही. म्हणून कुणी पहिल्याच भेटीत दात झिजवून चावा बदलायला सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्यावं. झोपेत दात खाण्याचा जंतांशी संबंध जोडतात, त्यालाही भक्कम पुरावा नाही.

बहुतेकांना काही आठवडे साधे उपाय पुरतात. खिचडी, आमटीत कुस्करलेली भाकरी, ऊस आणि च्युइंगम बंद, गरम शेक, जांभई देताना हनुवटीखाली मूठ. एरवी ओठ मिटलेले, पण दात सुटे.

खरी फसगत होते ती सुपारीत. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जात नाहीत, तिखट सोसत नाही, गालाच्या आत पांढुरके कडक पट्टे हाताला लागतात, आणि माणूस ‘सांधा आखडलाय’ म्हणत शेकत बसतो. इथे सांध्याचा दोषच नाही. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, सुपारी-तंबाखूचा मावा मात्र अजून खाल्ला जातोच. ‘तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो’ ही पळवाटही खोटी: सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2004 च्या अहवालात नोंदवलं आहे. हे पट्टे शेकानं सुटत नाहीत आणि त्यांतून पुढे कर्करोग होऊ शकतो. सुपारी त्याच दिवशी थांबवावी आणि दंतवैद्याला तोंड दाखवावं.

जांभई देताना जबडा निखळून तोंड उघडंच राहिलं, तर घरी झटके देऊ नयेत. डॉक्टर तो खाली-मागे दाबून बसवतात. कोयत्याच्या जखमेनंतर जबडा आवळू लागला तर धनुर्वात असू शकतो. चालताना किंवा ओझं उचलताना छातीसोबत जबडा दुखला, तर दवाखाना हृदयाचा गाठायचा, तोही लगेच.