बाईक घसरली: हात कच्चा की रस्ता निसरडा?

ज्यांना एपिसोड ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोलताना केलेलं अं-अं काढलंय, बाकी जवळजवळ तसंच ठेवलंय.

विषय आला एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या भांडणातून. पावसात मोशीच्या अलीकडे एक बाईक घसरते, पोरगा थोडक्यात वाचतो, असा व्हिडिओ. त्याखाली अर्धे लोक म्हणतायत, "चालवता येत नाही तर पावसात काढतोस कशाला?" आणि अर्धे, "टॅक्स कशाचा घेतात मग?" आता "दोघांचंही थोडं थोडं बरोबर" असं म्हणून मला सुटता आलं असतं. पण मला ते पटत नाही. माझं म्हणणं असं की चालवणाऱ्याचं कौशल्य तिथेच चालतं जिथे रस्ता पुढच्या दहा मीटरमध्ये कसा असेल याचा अंदाज येतो. तो अंदाज शक्य करणं हे रस्ता सांभाळणाऱ्याचं काम आहे, आणि चालवणारा कितीही तयार असला तरी ते काम तो करू शकत नाही.

आधी थोडं फिजिक्स. घाबरू नका, बारावीचंच आहे. ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरात थांबेल हे वेगाच्या वर्गावर आणि टायर-रस्त्याच्या घर्षणावर ठरतं. ताशी ५० किमी म्हणजे सेकंदाला साधारण १४ मीटर. कोरड्या डांबरावर घर्षणाचा आकडा ०.७ धरला तर थांबायला १४ मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर ०.४ धरला तर २५ मीटर. चिखलाचा पातळ थर असेल आणि ०.२ धरला तर ४९ मीटर. यात प्रतिक्रियेचा एक सेकंद मिळवा, म्हणजे अजून १४ मीटर. एकूण झाले २८, ३९ आणि ६३. ६३ मीटर म्हणजे चाळीस फुटी पाच कंटेनर एकामागे एक उभे केले तेवढं अंतर. चाकणला जाणाऱ्यांना हे माप लगेच कळेल, रोज तेच बघत उभे असतो आपण.

आता खरी गोम. रस्ता सगळीकडे सारखाच ओला असेल तर हात शिकतो. ताम्हिणीत भर पावसात जाऊन सुखरूप परत येणारी पोरं आहेत, कारण तिथे पहिल्या दोन वळणांत कळतं की आज किती ग्रिप आहे. आपल्या पट्ट्यात तसं होत नाही. नाशिक फाट्यापासून चाकणपर्यंत एकाच रस्त्यावर बघा काय काय येतं. नीट डांबर. मग साइटमधून निघालेल्या डंपरच्या टायरला लागून आलेली माती, पाऊस पडला की तिचा साबण होतो. मग खड्डा बुजवायला टाकलेली आणि आता सुटी झालेली खडी. चौकात जिथे ट्रक तासन्‌तास उभे राहतात तिथे डिझेल-ऑइलचे थेंब. झेब्राचे जाड पांढरे पट्टे. उड्डाणपुलाच्या सांध्यातली लोखंडी पट्टी. म्हणजे ०.७ वरून ०.२ वर तुम्ही अर्ध्या सेकंदात येता, आणि रात्री दहाला बी शिफ्टची सुट्टी झाल्यावर, समोरून हाय बीम डोळ्यात येत असताना, ही सगळी प्रकरणं एकाच काळ्या रंगाची दिसतात.

कारवाल्याचं चाक घसरलं तर कार थोडी वाकडी जाते. बाईकचं पुढचं चाक घसरलं की सावरायला वेळच नसतो. टायरकडे ग्रिपचं एक बजेट असतं. त्यातूनच ब्रेक लागतो आणि त्यातूनच वळणही घेतलं जातं. वळताना ब्रेक दाबलात तर दोन्ही खर्च एकदम, आणि त्याच क्षणी खाली ऑइल आलं तर बजेटच शून्य.

"एबीएस आहे ना?" असं कोणीतरी म्हणणारच. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. त्याखालच्यांना सीबीएस चालतं, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की थोडा पुढचाही लागतो. सीबीएस चाक लॉक होणं थांबवत नाही. आणि एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण नसलेली ग्रिप ते कुठून आणणार? गाडी वळणात झुकलेली असताना साध्या एबीएसचा फारसा उपयोग नसतो. गंमत बघा, चाकणमध्येच बजाजचा प्लांट आहे, तिथे केटीएमसुद्धा बनतात, रेन मोडवाल्या गाड्या याच पट्ट्यातून देशभर जातात. आणि त्याच एमआयडीसीत कामाला जाणारा मोठा वर्ग शंभर-एकशेपंचवीस सीसीवर असतो, अनेकदा डबलसीट, मागच्या टायरची नक्षी पुसलेली.

मग शिकायचं काहीच नाही का? आहे, आणि त्याने जीव वाचतो. पहिल्या सरीत दहा-पंधरा मिनिटं आडोशाला थांबा. रस्त्यावर साचलेलं ऑइल आणि रबराची पूड तेव्हा पाण्यावर तरंगत वर येते, जोरात पाऊस झाला की बरीच धुऊन जाते. ब्रेक गाडी सरळ असताना, दोन्ही एकत्र आणि हळूहळू दाबायचे. पांढरे पट्टे आणि लोखंडी पट्ट्या सरळ ओलांडायच्या, त्यांच्यावर गाडी कलती ठेवायची नाही. टायरला झीज दाखवणारा टीडब्ल्यूआयचा बाण दिसतो, तिथल्या खुणेपर्यंत झीज झाली की टायर बदला, पुढच्या दिवाळी बोनसची वाट बघू नका. पण लायसन्स काढताना हे आपल्याला विचारलं होतं का कोणी? स्वच्छ, सपाट मैदानावर पाय न टेकवता आठचा आकडा काढून दाखवला, झालं. ओल्या रस्त्यावर अचानक ब्रेक लावणं त्या परीक्षेत नाहीच.

आणि "हळू चालव" या सल्ल्याचीही मर्यादा आहे. नाशिक हायवेला पावसात ३० ने चालणारा माणस शहाणा आहे, पण त्याच्या मागे भरलेला कंटेनर हॉर्न देत असतो. दुचाकीला वेगळी लेन नाही. तुमचं कौशल्य तुमच्यापुरतं, रस्त्यावरचा चिखल मात्र त्या दिवशी जाणाऱ्या प्रत्येकासाठी. आम्ही सॉफ्टवेअरवाले सर्व्हर पडला की नंतर बसून बघतो, का पडला. "ऑपरेटरने चुकीचं बटण दाबलं" एवढ्यावर कोणी रिपोर्ट बंद केला तर सीनियर विचारतो, ते बटण तिथे होतंच का? रस्त्याच्या बाबतीत आपण पहिल्याच ओळीवर फाइल बंद करतो.

शब्दशः बंद करतो. एकट्याची बाईक घसरून तो गेला तर पेपरात वाचलं असेल, "स्वतःच्या मृत्यूस कारणीभूत ठरल्याप्रकरणी मृत चालकावर गुन्हा." भरधाव, हयगयीने, अविचाराने, हे तीन शब्द ठरलेले. रस्त्यावर काय होतं याची ओळ त्या बातमीत बहुतेक वेळा नसते.

कायद्यात तशी ओळ आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८अ आलं. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे केली नाही आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला, सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड. रक्कम हास्यास्पद वाटेल, मलाही वाटते. पण कोर्टाने काय बघायचं ही यादी वाचण्यासारखी आहे: त्या रस्त्यावर कोणत्या प्रकारची वाहतूक अपेक्षित होती, देखभालीचा निकष काय होता, धोका आहे हे यंत्रणेला माहीत होतं का किंवा माहीत असायला हवं होतं का, दुरुस्ती लगेच शक्य नव्हती तर इशाऱ्याचा फलक लावला होता का.

"माहीत होतं का" या मुद्द्यावर बरंच काही फिरतं. सुप्रीम कोर्टाचे झाडांबद्दलचे दोन निकाल आहेत. १९९७ मध्ये राजकोटच्या प्रकरणात रस्त्याकडेचं झाड पादचाऱ्यावर पडलं, महापालिका जबाबदार धरली गेली नाही. १९९९ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात फांदी स्कूटरवाल्यावर पडली आणि महापालिका जबाबदार ठरली, कारण झाड वाळलेलं होतं, ते धोक्याचं आहे हे तिला कळायला हवं होतं.

आपल्याकडचा ताजा आणि मोठा आदेश मुंबई हायकोर्टाचा, १३ ऑक्टोबर २०२५ चा, न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि संदेश पाटील यांच्या खंडपीठाचा. खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख, जखमीला दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख. भरपाई ठरवायला समिती, आणि खड्डा कळवल्यावर ४८ तासांत दुरुस्ती. पैसे नंतर दोषी अधिकारी-ठेकेदाराकडून वसूल करायचे.

पण नीट ऐका, शब्द आहेत खड्डा आणि उघडं मॅनहोल. चिखल, सुटी खडी, ऑइल यांचं काय? खड्डा दुसऱ्या दिवशीही तिथेच असतो, त्याचा फोटो निघतो, टेप लावून मोजता येतो. घसरडेपणाला पुरावाच राहत नाही. ज्या चिखलावर माणूस पडला तो पुढच्या सरीत वाहून जातो, ऑइलवर कोणीतरी माती टाकतं, आणि उरतो फक्त रस्त्यावर पडलेला माणूस, ज्याच्याबद्दल म्हणायला सोपं जातं की याला चालवता येत नव्हतं. म्हणून कौशल्याचा मुद्दा प्रत्येक वेळी जिंकतो.

खरं तर यातला बराचसा निसरडेपणा टाळता येण्यासारखा आहे. डंपर साइटबाहेर पडताना गेटवरच टायर धुण्याची सोय करता येते. ऑइल सांडलं तर वाळू किंवा भुसा टाकून घेता येतो. डांबराच्या वरच्या थरातली खडी टायरने घासून गुळगुळीत होते, म्हणून रस्ते मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनमध्ये पॉलिश्ड स्टोन व्हॅल्यूची किमान अट आहे. रस्त्याच्या कामाच्या ठिकाणी बॅरिकेड, फलक, दिवे कसे लावायचे यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी एसपी ५५ ही मार्गदर्शिका आहे. ज्ञान कमी नाहीये, रोजच्या रोज झाडायला माणूस कमी आहे.

आणि कोणाला सांगायचं हा वेगळाच घोळ. नाशिक हायवे हा राष्ट्रीय महामार्ग ६०. तळेगाव-चाकण-शिक्रापूर हा ५४८डी. एमआयडीसीतले रस्ते एमआयडीसीचे, शहरातले पिंपरी-चिंचवड महापालिकेचे, चाकण गावातले नगरपरिषदेचे. घसरणाऱ्या टायरला हद्द कळत नाही, तक्रार घेणाऱ्याला मात्र बरोबर कळते. तरी नंबर सेव्ह करून ठेवा: महापालिका हद्दीत सारथी हेल्पलाइन ८८८८००६६६६, राष्ट्रीय महामार्गावर १०३३, ऑइल सांडून लोक पडत असतील तर थेट ११२. तक्रारीचा नंबर आणि वेळ यांचा स्क्रीनशॉट ठेवा. उद्या कोणी "आम्हाला माहीतच नव्हतं" म्हणालं तर तोच उपयोगाला येतो, आणि कदाचित तुमच्या नाही, दुसऱ्याच कोणाच्या घरच्यांना.

अजून एक, जे ग्रुपवर कोणीच बोललं नाही. एकटे घसरून पडलात तर थर्ड पार्टी इन्शुरन्समधून तुम्हाला काही मिळत नाही, तो समोरच्यासाठी असतो. तुमच्यासाठी असतं मालक-चालकाचं पर्सनल अ‍ॅक्सिडेंट कव्हर, १५ लाखांचं, २०१८ पासून एवढं. ऑनलाइन रिन्यू करताना स्वस्त दिसावं म्हणून त्यावरची खूण काढू नका. ते गाडी ज्याच्या नावावर आहे त्यालाच लागू होतं, तेही लायसन्स चालू असेल तर. मित्राची किंवा भावाची गाडी घेऊन शिफ्टला जात असाल तर ते तुम्हाला लागू नाही, त्यासाठी स्वतःची वेगळी अपघात पॉलिसी घ्यावी लागते.

आणि चिखलाचा फोटो काढायचाच असेल तर गाडी पूर्ण साइडपट्टीच्या बाहेर घेऊन, इंडिकेटर चालू ठेवून काढा. मागून येणाऱ्याचीही गाडी तिथेच घसरणार आहे.