पुस्तकांची पेटी आणि एक चुकीचा प्रश्न

सातारा रेल्वे स्टेशन गावापासून लांब, माहुलीच्या बाजूला आहे. महिन्यातून एकदा आम्ही आणि आमची पत्नी रिक्षाने तिथे जातो आणि सांगलीची गाडी धरतो. सांगलीत आमची मुलगी राहते. पण गाडीत पाय मोकळे करता येतात, डबा उघडून दोन घास खाता येतात आणि निवांत वाचता येते. सत्तरी ओलांडल्यावर माणसाला एवढे पुरते.

कॉलेजात ३३ वर्षे इतिहास शिकवला, त्यामुळे खिडकीतून बाहेर पाहतानाही शिकवण्याची खोड जात नाही. रहिमतपूर, मसूर, कराड मागे पडते. किर्लोस्करवाडी आली की आम्ही हटकून सांगतो, "पंपांच्या या गावातून १९३० साली खास बायकांसाठी 'स्त्री' मासिक निघालं." पत्नी म्हणते, "मागच्या महिन्यातही हेच सांगितलंत." मग आम्ही गप्प बसून पुस्तक उघडतो.

या प्रवासात कृष्णा आमच्या सोबतीला असते. ती महाबळेश्वरात उगम पावते, वाईवरून येते, माहुलीला वेण्णेला भेटते, कराडला कोयनेला मिळते आणि पुढे सांगलीला जाते. म्हणजे आमच्या डोंगरात पडलेला पाऊस आमच्या मुलीच्या दारापर्यंत पोहोचतो. नकाशावर हे आम्ही विद्यार्थ्यांना अनेकदा दाखवले होते. त्याचा अर्थ मात्र आम्हाला २०१९ च्या ऑगस्टमध्ये कळला.

निवृत्तीनंतर आम्ही साताऱ्यात लहान घरात राहायला आलो. पुस्तके जास्त आणि जागा कमी. मुलगी म्हणाली, "अब्बा, आमच्याकडे खालची खोली मोकळी आहे." म्हणून एक मोठी लोखंडी पेटी भरून सांगलीला पाठवली. तिच्यात साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात 'कमवा आणि शिका' योजनेत शिकताना जुन्या बाजारातून घेतलेली पुस्तके होती. २००८ च्या जानेवारीत सांगलीत प्रा. म. द. हातकणंगलेकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा घेतलेली पुस्तके होती. आणि तळाशी आमच्या मरहूम वालिदांची पाच-सहा उर्दू पुस्तके होती. आम्ही मराठी शाळेत शिकलो, आम्हाला उर्दू वाचता येत नाही. तरी ती टाकवत नव्हती.

सांगलीत कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ मोजतात. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. दोन दिवस मुलीचा फोन लागत नव्हता. पत्नी जानमाज सोडून उठत नव्हती. तिसऱ्या दिवशी फोन वाजला. मुलगी म्हणाली, "अब्बा, आम्ही सगळे मिरजेला पोहोचलोय. सुखरूप आहोत."

त्यावर आम्ही विचारले, "पेटी वर नेली होती ना?"

पलीकडून काहीच आवाज आला नाही. पत्नीने आमच्या हातातून फोन घेतला आणि मुलांनी काही खाल्ले का, कपडे कोरडे आहेत का, रात्री कुठे झोपलात, हे सारे विचारले. आम्ही खुर्चीत बसून राहिलो. जन्मभर पुस्तके वाचली आणि ऐनवेळी तोंडातून निघाले ते हे!

पाणी ओसरल्यावर सांगलीला गेलो. घराघरांतून चिखल बाहेर काढणे चालू होते. रस्त्याच्या कडेला गाद्या, कपाटे, शाळेची दप्तरे पडली होती. सांगलीच्या जुन्या नगर वाचनालयातलीही हजारो पुस्तके भिजून गेली होती. पिढ्यान्‌पिढ्या जपलेला तो ठेवा गेल्याचे ऐकून आमची पेटी फार लहान वाटू लागली.

पेटीतली पुस्तके फुगून एकमेकांना चिकटली होती. ती आम्ही घमेल्यात भरून बाहेर टाकत होतो. आमची नात तेव्हा नऊ वर्षांची होती. तिने एक पुस्तक उचलले आणि विचारले, "नाना, यात काय होतं?"

आम्ही सांगू लागलो. मग तिने दुसरे उचलले. त्यातलेही थोडे आठवले. तिसऱ्या पुस्तकाला आम्ही अडलो. वाचल्याचे आठवत होते, आत काय होते ते आठवेना. अशी कितीतरी निघाली. ज्या पुस्तकांबद्दल आम्ही कधी कोणाशी बोललो होतो, वर्गात सांगितले होते, ती आठवत होती. जी एकट्याने वाचून कपाटात ठेवली, ती पुरापूर्वीच गेली होती.

शेवटी तिने वालिदांचे एक उर्दू पुस्तक पुढे केले. आम्ही म्हणालो, "हे नानाला वाचता येत नाही." पत्नी जवळच भांडी धूत होती. तिने हात पुसले, पुस्तक घेतले, सुटतील तेवढी पाने अलगद सोडवली आणि वाचू लागली. जुन्या गोष्टींचे पुस्तक होते. तिचे शिक्षण उर्दू शाळेतले. लग्नाला तेव्हा चाळीसहून अधिक वर्षे झाली होती. वालिदांचे पुस्तक घरात, ते वाचू शकणारी व्यक्ती घरात, आणि आम्ही एकदाही तिला म्हटले नव्हते, "जरा वाचून दाखव."

खरे तर आमच्या वाचनाला दार लावलेले असे. आम्ही आतल्या खोलीत वाचत असू, बाहेर ती मुलांना दटावत असे, "आवाज करू नका, अब्बा वाचतायत." मुलांनी वाचनाबद्दल काय शिकले असेल? एवढेच, की अब्बा वाचतात तेव्हा आपण लांब राहायचे.

'इक्रा' या शब्दावर आम्ही अनेक कार्यक्रमांत भाषणे केली आहेत. वाच, असा त्याचा अर्थ आपण सांगतो. पण अरबीत त्या शब्दात मोठ्याने म्हणणे, वाचून ऐकवणे हाही अर्थ आहे. पत्नी रोज फजरनंतर कुरआन मोठ्याने वाचते आणि घर ऐकते. ऐकवणारे वाचन आमच्या घरात होतेच. आम्ही आमच्या पुस्तकांना मात्र ते लागू केले नाही.

त्याच महिन्यात एका संध्याकाळी आम्ही बाहेरच्या खोलीत येऊन बसलो आणि मोठ्याने वाचू लागलो. सुरुवातीला संकोच वाटला. पत्नी भाजी निवडत ऐकत होती. मध्येच म्हणाली, "थांबा, हा माणूस कोण? आधी आला होता का?" वर्गात असा प्रश्न क्वचितच कोणी विचारला असेल. आता इशानंतर वीस मिनिटे आम्ही मराठी वाचतो, वीस मिनिटे ती उर्दू वाचते. तिचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले तेव्हा महिनाभर आम्हीच वाचले. आमचा आवाज बसला की ती वाचते.

आमच्याच जिल्ह्यात पाचगणीजवळ भिलार आहे. स्ट्रॉबेरीचे हे गाव ४ मे २०१७ पासून 'पुस्तकांचे गाव' झाले. तिथे लोकांनी आपल्या राहत्या घरात पुस्तके ठेवली आहेत. कोणीही यावे, बसावे, वाचावे. नातीला घेऊन आम्ही तिथे गेलो. ती एका घराच्या ओसरीत तासभर वाचत बसली. आतून कुकरची शिट्टी ऐकू येत होती, अंगणात कोणीतरी धान्य वाळत घालत होते. कोणी तिला "आवाज करू नकोस" म्हटले नाही, आणि तिचे वाचनही मोडले नाही.

आता पेटी नाही. दर खेपेला एक पुस्तक सांगलीला नेतो, मागचे परत आणतो. रात्री जेवण झाल्यावर नात आम्हाला वाचून दाखवते. ती जोडाक्षरे घाईत गिळते, आम्ही सुधारत नाही.

एक गोष्ट मात्र बरीच वर्षे राहून गेली होती. गेल्या पावसाळ्यात मुलगी आम्हाला स्टेशनवर सोडायला आली. गाडी यायची होती. आम्ही म्हणालो, "बेटा, त्या दिवशी फोनवर मी पेटीचं विचारलं. माझं चुकलं." ती थोडा वेळ रुळांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "अब्बा, त्या रात्री मी खूप रडले होते. पण पेटी वर नेता आली नाही म्हणूनही रडले होते." आणि तिने आमच्या हातातली पिशवी घेतली.

वाचकहो, तुमच्याही घरात दार लावून वाचणारे कोणी असेल. त्यांना बाहेरच्या खोलीत बोलवा. आणि ते तुम्हीच असाल, तर आज रात्री दोन पाने घरच्यांना वाचून दाखवा. आम्हाला हे कळायला पूर यावा लागला. तुम्ही तेवढे थांबू नका.