एकाच बाकावरची दोन चर्च

नाशिकच्या गंगापूर रोडपासून जवळच शरणपूर आहे, चर्च मिशनरी सोसायटीने 1850च्या दशकात वसवलेली ख्रिस्ती वस्ती. इथल्या काय, शहरातल्या कुठल्याही चर्चमध्ये एकाच बाकावर बसलेली दोन माणसं दोन वेगळ्या चर्चमध्ये असू शकतात. कशी?

एकाला गीत ऐकू येतं, बस्स. शेजारच्या ऑटिस्टिक मुलीला गीताबरोबर पंख्याची घरघर, माइकची शिट्टी, कुणाच्या बांगड्या, रस्त्यावरचा हॉर्न, आणि सगळं सारख्याच जोरात! मेंदूच्या दारात सोसायटीच्या वॉचमनसारखा एक पहारेकरी असतो. रोजच्या माणसाला तो न बघताच आत सोडतो. पुष्कळ ऑटिस्टिक लोकांचा वॉचमन मात्र प्रत्येकाला थांबवून वहीत नाव लिहितो, तोच माणूस दहाव्यांदा आला तरी! तासाभरात ती वही किती भरत असेल? मग कान झाकून ती बाहेर गेली, तर त्याला उद्धटपणा कसं म्हणायचं?

आता याहून मोठं नवल. बाहेरच्या जगात सहसा न मिळणारी एक गोष्ट तिला याच चर्चमध्ये मिळते: पुढे काय होणार हे आधीच ठाऊक असणं. पापकबुली, शास्त्रपाठ, प्रवचन, प्रभूची प्रार्थना, आशीर्वाद. शब्द ठरलेले, उठायचं कधी, बसायचं कधी, तेही ठरलेलं. अनेक ऑटिस्टिक भाविकांना उपासनेचा हा क्रमच सर्वांत जवळचा वाटतो. आणि ज्यांनी तो शतकांपूर्वी बांधला, त्यांना ऑटिझम हा शब्दसुद्धा माहीत नव्हता! लिओ कॅनर यांनी मुलांमधल्या ऑटिझमचं वर्णन केलं ते थेट 1943 मध्ये.

गडबड होते ती आशीर्वादानंतर. दारातलं हस्तांदोलन, चहा, ‘ओळखलंस का मला?’ इथे काहीच ठरलेलं नसतं. ती नजर चुकवते आणि लोक म्हणतात, हिला माणसं कळत नाहीत. पण तिला समजून घेणं लोकांना तरी कुठे जमतं? डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या समाजशास्त्रज्ञाने 2012 मध्ये नेमकं हेच मांडलं: दरी दोन्हीकडून असते. न विचारता डोक्यावर हात ठेवून ती ‘बरी व्हावी’ म्हणून केलेली प्रार्थना ही दरी वाढवते. ऑटिझम हा आजार नाही, मेंदूची घडणच वेगळी आहे.

आणि दरीवरचा एक छोटा पूल आपल्याकडे केव्हाचा आहे! 1969 मध्ये रोमने भारतीय कॅथलिक उपासनेसाठी काही बदल मान्य केले. त्यांत एक होता, शांतीची खूण म्हणून हात जोडणं. कुणाला ऑटिझम आठवून हे झालं नव्हतं. तरीही स्पर्श नको असलेल्या माणसाला यात सगळ्यांसारखंच, पूर्ण सामील होता येतं.

पाळकांनो, फादर, एवढं करा: उपासनेचा क्रम आदल्या दिवशी कळवा, माइकचा आवाज उतरवा, मागे एक शांत खोली उघडी ठेवा. आणि आणखी काय हवं, ते त्या मुलीलाच विचारा.