बालकाचा ताप आणि घरचा विवेक

यवतमाळ जिल्ह्यातील आपल्या अनेक कुटुंबांत दुकान आणि घर यांच्यामध्ये एका दाराचेच अंतर असते. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोललेला माणूस सूर्यास्तापूर्वी जेवणास आत येतो आणि नातवंड धावत येऊन त्याच्या मांडीवर बसते. कोरोनाचा विषाणू बालकांपर्यंत पोहोचला तो बहुधा याच वाटेने, घरातील मोठ्या माणसांकडून.

आपल्या जिल्ह्याने ही साथ फार लवकर पाहिली. मार्च २०२० च्या मध्यास दुबईच्या सहलीहून परतलेल्या प्रवाशांपैकी काहींना यवतमाळ येथे लागण झाल्याचे आढळले. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती व यवतमाळ येथे रुग्ण पुन्हा झपाट्याने वाढले, निर्बंध लागले आणि शाळा बंद झाल्या. त्यानंतर मोठ्यांच्या लाटेमागून बालकांची लाट येणार, अशी धास्ती सर्वत्र पसरली. राज्य शासनाने डॉ. सुहास प्रभू यांच्या अध्यक्षतेखाली बालरोगतज्ज्ञांचा कृतिगट नेमला.

मात्र भीतीचे चित्र आणि वस्तुस्थिती यांत अंतर होते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने जून-जुलै २०२१ मध्ये केलेल्या चौथ्या देशव्यापी रक्तचाचणी पाहणीत ६ ते ९ वयोगटातील ५७.२ टक्के, तर १० ते १७ वयोगटातील ६१.६ टक्के मुलांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलांच्या शरीरात विषाणू येऊन गेला होता. त्यांतील बहुसंख्य मुलांना केवळ सर्दी-ताप आला, किंवा काहीच जाणवले नाही. तरीही काही थोड्या बालकांना रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावे लागले. त्या थोड्यांना वेळेवर ओळखणे, हेच घरातील मोठ्यांचे खरे काम आहे. विषाणू आजही आपल्यातून गेलेला नाही; म्हणून हे ज्ञान जुने झालेले नाही.

पहिली खूण श्वासाची. बालक शांत असताना, शक्यतो झोपेत, त्याच्या पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजावी. दोन महिन्यांच्या आतील अर्भकाचे श्वास मिनिटास ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक आणि त्यापुढे ३० हून अधिक असतील, तर तो धापेचा श्वास समजावा. बरगड्यांखालची त्वचा आत ओढली जाणे, कण्हणे, ओठ निळसर पडणे, मूल सुस्त होऊन हाकेला ओ न देणे, अंगावर पिणे सोडणे किंवा झटके येणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास सकाळ होण्याची वाट पाहू नये. बोटाला लावायच्या यंत्रावर प्राणवायूचे प्रमाण ९४ च्या खाली आले तरीही तसेच करावे. दोन महिन्यांच्या आतील बाळाला नुसता ताप आला, तरी ते वैद्यकांना दाखवलेच पाहिजे.

दुसरी खूण पाण्याची. तापात व जुलाबात लहान शरीर फार लवकर कोरडे पडते. सहा ते आठ तासांत लघवी न होणे, रडताना डोळ्यांत पाणी न येणे, डोळे खोल जाणे ही त्याची लक्षणे होत. येथे आपल्या घरांत एक प्रश्न हमखास उभा राहतो. चौविहाराचे संस्कार असलेल्या घरात रात्री आजारी नातवाला पाणी किंवा औषध द्यावे की नाही, या विचाराने आजीचे मन कातरते. पच्चक्खाणाच्या पाठातच आगार, म्हणजे सवलती, सांगितलेल्या आहेत. त्यांतील सर्वसमाधिप्रत्यय हा आगार पीडेच्या प्रसंगासाठीच ठेवलेला आहे. शास्त्रकारांनी जी वाट मोकळी ठेवली, ती आपण आजारी बालकासाठी बंद करू नये. उकळलेले पाणी, जलसंजीवनी व सांगितलेले औषध रात्रीही द्यावे. पर्युषणात हौसेने उपवास धरलेल्या मुलाला ताप आल्यास घरच्यांनीच प्रेमाने पारणे करवावे आणि मनात शंका राहिल्यास महाराजसाहेबांना विचारावे.

तिसरी गोष्ट औषधांची. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने जून २०२१ मध्ये मुलांसाठी सूचना दिल्या, त्यांत सौम्य आजारात स्टेरॉइड देऊ नये आणि रेमडेसिविर मुलांसाठी सुचवलेले नाही, असे स्पष्ट म्हटले होते. तापासाठी पॅरासिटामॉल पुरेसे असते, तेही वजनाच्या हिशेबाने. मोठ्यांच्या जुन्या चिठ्ठीवरील गोळी अर्धी करून मुलाला देणे ही काटकसर नव्हे, तो धोका आहे.

चौथी खूण उशिरा येते, म्हणून ती सर्वाधिक फसवते. एप्रिल २०२० च्या अखेरीस इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञांनी इशारा दिला की, काही मुलांच्या शरीरात अनेक अवयवांना एकाच वेळी दाह होत आहे. संसर्गानंतर साधारण दोन ते सहा आठवड्यांनी हा विकार उद्भवतो. मूळ आजार इतका सौम्य असू शकतो की घरच्यांच्या तो स्मरणातही नसतो. तीन दिवस वा अधिक टिकणारा ताप, लाल डोळे, अंगावर पुरळ, पोटदुखी व उलट्या अशी त्याची लक्षणे असतात. पोटाचा विकार समजून दिवस घालवले, तर हृदयावर परिणाम होऊन रक्तदाब खालावतो. रुग्णालयात इम्युनोग्लोब्युलिन व स्टेरॉइड देऊन उपचार केल्यास बहुतांश मुले बरी होतात. म्हणून वैद्यकांना सांगताना मागील दीड महिन्यात घरात कोणाला ताप-खोकला होता, हे आवर्जून सांगावे.

शेवटी अंतराचा विचार. जिल्ह्यात बालकांवरील गंभीर उपचारांचा शासकीय आधार म्हणजे यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. वणीच्या कुटुंबाला चंद्रपूर, तर उमरखेडच्या कुटुंबाला नांदेड जवळ पडते. कोठे जायचे, वाहन कोणाचे आणि दुकान कोण सांभाळणार, हे आजारापूर्वीच ठरलेले असावे. १०८ क्रमांकावर शासकीय रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. बालकाचे वजन, चालू औषधे आणि लसीकरणाचे कार्ड एकाच ठिकाणी ठेवावे.

पाणी गाळताना, दिवा लावताना, जमिनीवर पाऊल टाकताना आपण जयणा पाळतो. आजारी बालकाच्या उशाशी घड्याळ घेऊन बसणे आणि वेळ येताच उठून निघणे, हीदेखील जयणाच आहे.