गोळीच्या पाकिटातील कागद

जानेवारी १९७०. वॉशिंग्टनमध्ये सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांच्या अध्यक्षतेखाली अमेरिकी सिनेटची एक समिती गर्भनिरोधक गोळीच्या सुरक्षिततेविषयी साक्षी नोंदवून घेत होती. डॉक्टर बोलत होते, शास्त्रज्ञ बोलत होते. तेवढ्यात प्रेक्षकांत बसलेल्या ॲलिस वुल्फसन व त्यांच्या मैत्रिणी उठून उभ्या राहिल्या. गोळी स्त्रियांच्या पोटात जाते, मग ती घेणाऱ्या एकाही स्त्रीची साक्ष का नाही, असा त्यांचा सवाल होता.

या सवालामागे जवळजवळ वीस वर्षांचा इतिहास होता. वारंवारच्या बाळंतपणांनी खंगलेल्या गरीब माता परिचारिका मार्गारेट सँगर यांनी जवळून पाहिल्या होत्या. स्त्रीला स्वतःच्या हाती ठेवता येईल असा उपाय त्यांना हवा होता. कॅथरीन मॅककॉर्मिक या धनवान विधवेने संशोधनाचा खर्च उचलला. ग्रेगरी पिंकस, मिन चुए चांग आणि स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन रॉक यांनी ते काम तडीस नेले. त्याच सुमारास मेक्सिको शहरात जंगली कंदापासून संप्रेरके बनवण्याचा उद्योग उभा राहिला होता. तेथे १५ ऑक्टोबर १९५१ रोजी लुईस मिरामोंतेस या २६ वर्षांच्या रसायनशास्त्रज्ञाने कार्ल जेरासी यांच्या मार्गदर्शनाखाली नोरेथिस्टेरॉन हे द्रव्य तयार केले. या कुळातील द्रव्ये बीजकोशातून स्त्रीबीज बाहेर पडण्याची क्रिया थांबवतात.

१९५६ साली प्वेर्तो रिको बेटावर गोळीची मोठी चाचणी सुरू झाली. गोळीने गर्भ राहत नाही, एवढे तेथील गरीब स्त्रियांना सांगितले गेले. आपल्यावर प्रयोग चालला आहे, हे मात्र सांगितले गेले नाही. चाचणी पाहणाऱ्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनी १७ टक्के स्त्रियांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी असे त्रास होतात, असे कळवले. त्यांचा इशारा बाजूला ठेवला गेला आणि १९६० साली 'एनोव्हिड' गोळीला गर्भनिरोधक म्हणून परवानगी मिळाली.

पुढच्याच वर्षी गोळी घेणाऱ्या स्त्रीच्या रक्तात गुठळी झाल्याची नोंद ब्रिटनमध्ये झाली. अशा घटना वाढत गेल्या. पत्रकार बार्बरा सीमन यांनी १९६९ साली त्यांवर पुस्तक लिहिले, आणि त्यातूनच सिनेटची चौकशी झाली. त्याच वर्षी, म्हणजे १९७० मध्ये, गोळीच्या पाकिटात धोक्यांची माहिती देणारा छापील कागद घालण्याचा नियम अमेरिकेत झाला. तो कागद स्त्रियांच्या प्रश्नांनी मिळवलेला आहे.

गोळीही बदलली. आरंभीच्या गोळीत इस्ट्रोजेन १५० मायक्रोग्रॅम होते. आज ते बहुधा ३० किंवा त्याहूनही कमी असते. गोळीचे लाभ खरे आहेत. पाळीतील अतिस्राव व वेदना कमी होतात, बीजकोशाच्या व गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका घटतो. तथापि स्तनाच्या कर्करोगाचा धोका किंचित वाढतो, आणि गुठळीचे भय अल्प असले तरी संपलेले नाही. उच्च रक्तदाब, दृष्टीपुढे प्रकाशरेषा आणणारी अर्धशिशी, पूर्वी झालेली गुठळी, नुकतीच झालेली प्रसूती, किंवा पस्तिशीनंतर धूम्रपान असल्यास ही गोळी टाळावी लागते. भारतात लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने संप्रेरकविरहित 'सहेली' शोधली. ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घ्यावयाची असते. शासकीय रुग्णालयांत तीच 'छाया' नावाने मिळते.

मिरामोंतेस यांचे ते नोरेथिस्टेरॉन आज आपल्या घरांतही येते, पण निराळ्या कारणाने. पर्युषण, प्रतिष्ठा-महोत्सव, तीर्थयात्रा किंवा घरचे लग्न जवळ आले की पाळी पुढे ढकलण्यासाठी ज्या गोळ्या आणल्या जातात, त्यांत बहुधा हेच द्रव्य असते. सामान्यतः ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, पाळीच्या तीन दिवस आधीपासून दिली जाते. या मात्रेत त्याचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये रूपांतरित होतो. म्हणून गुठळीविषयीची सावधगिरी येथेही पाळावी लागते, विशेषतः तासन्‌तास बसून यात्रेला जायचे असेल तेव्हा. अशा रीतीने घेतल्यास या गोळ्या गर्भनिरोधनाचे कामही करत नाहीत. एका पायाला सूज व वेदना, छातीत दुखणे, धाप लागणे किंवा अचानक तीव्र डोकेदुखी झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

व्यापारी घरात माल पारखल्याशिवाय दुकानात घेत नाहीत. गोळ्या मात्र पुष्कळदा सुनेऐवजी दुसरेच कोणी आणून देते. औषधविक्रेता पट्टी कापून मोजक्या गोळ्या देतो आणि माहितीचा कागद खोक्यातच राहतो. कोणती गोळी, किती दिवस, आणि मला चालेल का, हे तीन प्रश्न तिने स्वतः डॉक्टरांना विचारावेत, आणि घरच्यांनी तिला ते विचारू द्यावेत.